वाचकांचे प्रश्न : वाचनालयाचा पुरेपूर उपयोग कसा करावा?

वाचनालयांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. वाचक देवघेवीच्या टेबलापाशी पुस्तकाचं नाव सांगतात, ‘नाही’ ऐकतात आणि परत फिरतात. ते कशासाठी हवं आहे, हे सांगतच नाहीत. ग्रंथपालांकडून मिळणारी सर्वांत मोलाची मदत नेमकी त्या सांगण्यापासून सुरू होते आणि तिला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : वर्गणी परवडत नाही. पैसे न भरता वाचनालयात काय काय करता येतं? (एक वाचक, राजारामपुरी)

पुस्तक घरी न्यायचं असेल तर वर्गणी आणि अनामत लागते. हे दोन वेगळे पैसे आहेत. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, म्हणून तिची पावती जपून ठेवा. पावती हरवली की पुढे अनामत मिळवताना त्रास होतो.

बसून वाचण्याची गोष्ट निराळी. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत वृत्तपत्रांचा कक्ष सर्वांसाठी खुला असतो. संदर्भ विभागातले शब्दकोश, चरित्रकोश, गॅझेटिअर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ) तिथेच बसून पाहता येतात का, हे नि:संकोच विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 सालचा. शासनमान्य वाचनालयांना त्यांच्या अ, ब, क, ड या वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे त्यात तुमचाही पैसा आहे. आपल्या कोल्हापुरात 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे आणि शासकीय जिल्हा ग्रंथालयही आहे. दोन्हीकडचे दर आणि नियम विचारून, तुलना करून मगच सभासद व्हा.

प्रश्न : संगणकावर पुस्तक दिसत नाही म्हणून ‘नाही’ सांगतात. पण तेच पुस्तक तिथून पूर्वी नेलेलं माझ्या शेजाऱ्यांना आठवतं. असं का होतं? (एक वाचक, गंगावेश)

याची कारणं बरीच आहेत आणि त्यातली निम्मी शोधण्याच्या पद्धतीत असतात.

पहिलं कारण लिपी. अनेक वाचनालयांच्या जुन्या नोंदी रोमन अक्षरांत झाल्या आहेत, काही जुन्या मराठी फॉन्टमध्ये. आज आपण मोबाइल-संगणकावर देवनागरी युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्या नोंदींशी जुळतच नाही. दुसरं कारण शुद्धलेखन. नोंद करणाऱ्यानं ऱ्हस्व-दीर्घात फरक केला असेल किंवा ‘ऱ्य’ हे जोडाक्षर वेगळ्या पद्धतीनं टाइप केलं असेल, तर पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही. म्हणून अख्खं शीर्षक टाकू नका. शीर्षकातला एकच, लिहायला सोपा आणि सहसा न आढळणारा शब्द टाका. नाहीच सापडलं तर तोच शब्द रोमन अक्षरांत, दोन-तीन प्रकारे लिहून पाहा.

तिसरं कारण लेखकाचं नाव. टोपणनावानं लिहिणाऱ्यांची पुस्तकं दोन ठिकाणी विखुरतात. कुसुमाग्रजांची कविता एका नावाखाली आणि वि. वा. शिरवाडकरांचं नाटक दुसऱ्या नावाखाली असू शकतं. दोन्ही नावं तपासा. आडनाव आधी लिहून आणि नाव आधी लिहून, असंही शोधा.

एवढं करूनही नाही सापडलं, तर दाखल नोंदवहीबद्दल विचारा. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक आल्या क्रमानं तिथे लिहिलेलं असतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. संगणकीकरण होताना जी जुनी पुस्तकं राहून गेली, त्यांचा पत्ता याच वहीत लागतो. पुस्तक साधारण कोणत्या वर्षी घेतलं असेल हे सांगितलंत, तर कर्मचाऱ्यांना पानं उलटणं सोपं जातं. पुस्तक बाद झालं असेल, तर तसा शेराही तिथे सापडण्याची शक्यता असते.

नोंद आहे पण पुस्तक जागेवर नाही, अशा वेळी तीन गोष्टी विचारा: बांधणीला गेलं आहे का, कुणाकडे थकलं आहे का, मोठ्या आकारामुळे वेगळ्या कपाटात आहे का. मुक्तद्वार पद्धत (वाचकानं स्वतः कपाटातून पुस्तक घेण्याची सोय) असेल तर त्याच खणातली मागची रांगही बघा, कारण जागा कमी असली की पुस्तकं दुहेरी रांगेत लावतात. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारी ड्यूई दशांश पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात मराठी साहित्य 891.46 या क्रमांकाशी असतं: कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463. एवढे आकडे लक्षात ठेवले तरी आपल्या कपाटापर्यंत न विचारता जाता येतं.

आणि 1950 पूर्वीचं पुस्तक असेल, तर ते मुळात त्याच नावानं छापलं होतं का, हे आधी ठरवा. शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत 1800 ते 1950 या काळातल्या पुस्तकांच्या नोंदी आहेत. लेखक, प्रकाशक, वर्ष तिथून घेतलं की पुढचा शोध नेमका होतो. अनेकदा आठवणीतलं नाव आणि छापलेलं नाव वेगळंच निघतं.

प्रश्न : आमच्या गावाचा आणि घराण्याचा इतिहास शोधायचा आहे. वाचनालयात सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कागल तालुका)

सुरुवात गॅझेटिअरपासून करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 24 वा खंड कोल्हापूरचा आहे, 1886 सालचा. स्वातंत्र्यानंतरचं जिल्हा गॅझेटिअर 1960 चं. दोन्ही इंग्रजीत आहेत. वाचनालयाच्या संदर्भ विभागात विचारा. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटिअर विभागाच्या संकेतस्थळावरही पाहा. आधी शेवटची सूची बघा आणि गावाचं नाव त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगनं शोधा, आजचं स्पेलिंग चालणार नाही.

घराण्याचे कागद वाचनालयात मिळत नाहीत. त्यासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. संस्थानकाळातली दप्तरं तिथे आहेत आणि त्यांतला मोठा भाग मोडी लिपीत आहे. लोक अडतात ते इथे: ‘आमच्या आडनावाचं काही आहे का?’ असं विचारलं तर उत्तर मिळणं अवघड. कागद आडनावावर लावलेले नसतात, ते ज्या खात्यात तयार झाले त्या खात्याप्रमाणे असतात. म्हणून जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: गाव, साधारण काळ, विषय (इनाम, वतन, नेमणूक, तंटा) आणि त्या वेळी गाव कुणाच्या अमलाखाली होतं. कागलसारख्या जहागिरीतल्या गावाला हा चौथा मुद्दा फार महत्त्वाचा. ओळखपत्र आणि अर्ज बरोबर ठेवा, टिपणं पेन्सिलीनं घ्या, शाईचं पेन जुन्या कागदांजवळ नेऊ नका.

जुन्या कागदांवर शक, फसली, सुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना असतात, त्या तारखांनी गोंधळून जाऊ नका. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना 79 मिळवा. दख्खनी फसलीत 590 किंवा 591 मिळवा. सुहूर सन बहुधा अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि एकक आधी येतो: खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, अलफ हजार. झाले 1075. त्यात 599 मिळवले की 1674. हा सन मृगाच्या सुमारास बदलतो, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना 600 मिळवावे लागतात.

एक खुलासा. जमिनीच्या हक्काचा कागद हवा असेल तर आधी तलाठी, तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालय गाठा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची पुस्तकं महाग आहेत आणि वाचनालयातली कायम कुणाकडे तरी असतात. (एक विद्यार्थिनी, शाहूपुरी)

मूळ साहित्याचा मोठा भाग फुकट आणि अधिकृत आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात, एनसीईआरटीचीही. महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी शासनाच्या संकेतस्थळावर येते. मराठी विश्वकोश सगळाच्या सगळा ऑनलाइन वाचता येतो. वाचनालयात ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’चे मागचे अंक मागा, त्यांना मागणी कमी असते, म्हणून ते जागेवर सापडतात. पुढे संशोधनाकडे वळलात तर शिवाजी विद्यापीठासह देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतात. बाहेर गेलेल्या पुस्तकासाठी आपलं नाव राखून ठेवायला सांगा आणि ते लिहून घेतल्याची खात्री करा. तोंडी सांगितलेलं गर्दीत मागे पडतं.

प्रश्न : वडिलांची दृष्टी अधू झाली आहे. मोबाइल पीडीएफ पुस्तकं मोठ्यानं वाचत नाही. (एक वाचक, उत्तरेश्वर पेठ)

पीडीएफ उघडून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही, तर ती पानं म्हणजे नुसते फोटो आहेत. त्यांत वाचण्याजोगी अक्षरंच नाहीत. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी अक्षरं ओळखली जातात. मोठी फाइल एकदम देऊ नका, थोड्या थोड्या पानांचे तुकडे करा. दोन रकान्यांच्या पानात ओळी एकमेकींत मिसळतात, तिथे रकाने वेगळे कापावे लागतात.

याहून चांगला मार्ग ‘सुगम्य पुस्तकालय’. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी 2016 मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे आणि तिथे मराठी पुस्तकंही आहेत. सभासद होण्यासाठी दृष्टिदोषाचा पुरावा लागतो, म्हणून प्रमाणपत्र आधी तयार ठेवा. वडिलांसाठी हे जरूर करा.

प्रश्न : दुर्मिळ पुस्तकाची अख्खी झेरॉक्स काढता येईल का? (एक वाचक, कसबा बावडा)

लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. 1960 मध्ये निधन झालेल्या लेखकाचं पुस्तक 1 जानेवारी 2021 पासून खुलं झालं. मात्र नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात. हक्क शिल्लक असेल तर स्वतःच्या अभ्यासापुरती मोजकी पानं घ्या. हक्क संपलेल्या पुस्तकासाठी आधी मराठी विकिस्रोत, राज्य मराठी विकास संस्था आणि इंटरनेट आर्काइव्ह यांची संकेतस्थळं पाहा. स्कॅन तयार सापडलं तर जुनी प्रत हाताळायलाच नको. झेरॉक्सच्या काचेवर पुस्तक दाबलं की वाळलेली बांधणी कण्यापाशी तुटते. नाइलाज असेल तर परवानगी घेऊन मोबाइलनं फोटो काढा: पुस्तक अर्धंच उघडा, दोन्ही बाजूंना आधार द्या, फ्लॅश बंद ठेवा आणि पहिला फोटो शीर्षकपानाचा घ्या.