मुदत ठेव मोडून जुनी रॉकिंग चेअर घ्यावी का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सहा महिन्यांच्या घरखर्चाची मुदत ठेव मोडून तुम्हाला १८३०च्या सुमाराची, काळ्या रंगावर सोनेरी फळं रंगवलेली अमेरिकन 'बॉस्टन रॉकर' घ्यायची आहे. रंग मूळचा आहे आणि दहा वर्षांत किंमत दुप्पट होईल, असं विक्रेता म्हणतो. खुर्ची खुशाल घ्या, पण या ठेवीला हात लावू नका.

दुप्पट होण्याचं तर डोक्यातून काढूनच टाका. गेल्या वीसेक वर्षांत जुन्या लाकडी फर्निचरचे भाव बऱ्याच प्रकारांत उतरलेत. खुर्ची व्याज देत नाही. लिलावात विकायला काढली तर कमिशन कापलं जातं, आणि घेणाऱ्यालाही वर शुल्क भरायचं असल्याने तो बोली तेवढी कमी लावतो. उद्या नोकरी गेली किंवा कुणी आजारी पडलं, तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबणार कसे?

संग्राहक मात्र अशा खुर्चीवर का जीव टाकतात, ते मला पुरेपूर समजतं. बैठक पाइनची, कातीव पाय मेपलचे. ही वेगवेगळी लाकडं एकजीव दिसावीत म्हणूनच रंग द्यायचे. मग अर्धवट वाळलेल्या वॉर्निशवर स्टेन्सिल, म्हणजे नक्षी कापलेला साचा, ठेवून ब्राँझची पूड चोळत आणि फळं-पानं उमटवत. तो रंग खरवडून कुणी लाकूड चकचकीत केलं असेल, तर किंमतीचा मोठा भाग तिथेच गेला.

म्हणून खुर्ची उलटी करून पाहा. हात टेकतात तिथला, बैठकीच्या पुढच्या कडेचा रंग झिजलेला हवा. जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथेही तेवढाच उडाला असेल तर शंका घ्या. खुर्ची ज्यांवर डुलते त्या खालच्या वक्र पट्ट्या नंतर बसवल्यात का, हे पायांच्या खाचांत कळतं. साध्या खुर्च्यांनाही पुढे अशा पट्ट्या लावल्या जात. हिचकॉकचं नाव छापलेलं असेल तर जास्तच सावध राहा: लॅम्बर्ट हिचकॉकचा अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधला खुर्च्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकातला, पण १९४६पासून त्याच नावाने खुर्च्या पुन्हा बनू लागल्या.

एवढं पाहूनही मन तिच्यावरच असेल, तर सहली-हौसेसाठी ठेवता त्या पैशांतून वर्षभर बाजूला काढा. अंदाजे काळ, रंग आणि दुरुस्त्या पावतीवर लिहून घ्या, आणि खुर्ची घरी आल्यावर तिला नवा रंग देऊ नका.