पगार वाढला, पण ईएसआय गेलं: आधी हिशेब करा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत महिना साडेवीस हजार पगारावर असाल आणि दुसरीकडे तेवीस हजार मिळत असतील, तर वाढ अडीच हजारांची धरू नका. ईएसआय म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, तिची पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. आज तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे साधारण १५४ रुपये कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो आणि घरच्यांचा इलाजही त्यात होतो. नव्या ठिकाणी हे बंद. मग स्वतः घ्याव्या लागणाऱ्या आरोग्य विमा पॉलिसीचा वार्षिक हप्ता बाराने भागून वाढीतून वजा करा. आईवडील साठीपुढचे असतील तर त्यांचा हप्ता वेगळा काढा, खरा फटका तिथंच बसतो.

नवी कंपनी ग्रुप विमा देते म्हणाली तर तोंडी हमीवर राहू नका, पॉलिसीची प्रत मागा. आईवडील धरलेत का? खोलीभाड्याची मर्यादा किती? मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की बहुतेक वेळा डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. आणि ऑफिस पुण्याला असलं तरी घरचे खानापूर, निपाणीला आहेत. बेळगाव, कोल्हापुरातली कुठली हॉस्पिटलं कॅशलेस आहेत, म्हणजे बिल थेट विमा कंपनी भरते, ते पॉलिसीच्या यादीत बघा.

शुगर, बीपी असेल तर स्वतःची पॉलिसी राजीनाम्याआधीच घ्या. आधीच्या आजारांचा खर्च मिळायला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. अर्जात आजार लपवू नका, क्लेम त्यावरच अडतो.

सध्या ग्रुप विमाच असेल, तर त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे कव्हर संपण्याआधीच लेखी विचारा.