ओळखीच्या साखळीत मारणारी जोडीदारच आली तर?

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी समलिंगी जोडप्यांमधल्या हिंसेवर काम करते आहे. मार्गदर्शक म्हणतात, तयार प्रश्नावली घे आणि ओळखीतून साखळी वाढव, म्हणजे एकीने पुढचीचं नाव सुचवायचं. गोव्यात हे जमेल का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : जमेल, पण साखळीच घात करू शकते. गोवा केवढा तो! म्हापशाच्या मुलीने जिचा नंबर दिला, तीच तिला मारणारी निघू शकते. म्हणून नंबर मागू नका, तुमचा नंबर पुढे जाऊ द्या. एका जोडप्यातल्या दोघींनाही घेऊ नका. फोन तपासले जातात, तेव्हा निरोपात ‘नाती आणि आरोग्य’ एवढंच लिहा. खरा विषय एकांतात, संमती घेण्याआधी सांगा. खुणेचं वाक्यही ठरवा : कोणी खोलीत आलं की तिने ‘पार्सल नको’ म्हणायचं, तुम्ही फोन ठेवायचा. संमती तोंडी घ्या. सहीचा कागद म्हणजे ती तुमच्याशी बोलल्याचा पुरावाच. त्यासाठी नीतिसमितीची (संशोधनात कोणाला इजा होऊ नये हे पाहणाऱ्या समितीची) परवानगी आधी काढा.

प्रश्नावलीचं म्हणाल, तर सर्रास वापरली जाणारी ‘कॉन्फ्लिक्ट टॅक्टिक्स स्केल’ (सुधारित, 1996) 39 गोष्टी दोन्ही बाजूंनी (तू केलंस का, जोडीदाराने केलं का) विचारते, म्हणजे 78 प्रश्न. ती थपडा मोजते. कोण कोणाला घाबरतं, हे तिला कळत नाही. सुटायला दिलेला धक्का आणि पाडायला दिलेला धक्का एकाच रकान्यात जातात आणि ‘दोघी सारख्याच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तेव्हा भीतीचा प्रश्न वेगळा घाला. ‘तुझ्या घरी सांगेन’ ही धमकी आणि एच.आय.व्ही.च्या गोळ्या लपवणं हेही घाला. नुसतं ‘घोव’ खोडून ‘जोडीदार’ लिहिल्याने हे येत नाही.

परदेशी आकडे जपून वापरा. अमेरिकेच्या 2010च्या सर्वेक्षणात 43.8 टक्के लेस्बियन स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसल्याचं सांगितलं. पण त्यांतल्या 67.4 टक्क्यांनीच फक्त स्त्रियांकडून असं म्हटलं. बाकीच्यांच्या अनुभवात पुरुषही आहेत. हे न पाहता आकडा उचलणारे पुष्कळ.

लिहिताना नाव गाळून भागत नाही. ‘पेडण्याची नर्स, जोडीदार फुटबॉल कोच’ म्हटलं की अख्खा तालुका ओळखतो. गाव आणि धंदा दोन्ही बदला.

कायद्याची खोटी आशा दाखवू नका. 2005च्या घरगुती हिंसा कायद्याखाली पुरुषाला अर्ज करता येत नाही. तक्रार फक्त ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येई; सर्वोच्च न्यायालयाने 2016मध्ये ते शब्द काढले, तरी दोन स्त्रियांचं नातं ‘लग्नासारखं’ आहे हे कोर्टाला पटवावं लागेल. मारहाण आणि धमकीसाठी भारतीय न्याय संहितेची कलमं 115(2) आणि 351 मात्र कोणालाही लागू होतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तोंडी सांगा, पत्रक हातात देऊ नका.