मायोर्काला वर्षाला किती पर्यटक जातात आणि गर्दी कधी असते?

२०२४ मध्ये स्पेनच्या या बेटावर सुमारे १ कोटी ३४ लाख पर्यटक आले. बेटाची लोकसंख्या दहा लाखांच्याही आत, यावरून ताण लक्षात येईल. सगळ्यात जास्त जर्मन, त्याखालोखाल ब्रिटिश. बेटाची राजधानी पाल्मा, तिथल्या विमानतळावरून त्याच वर्षी ३.३ कोटी प्रवाशांची ये-जा झाली.

खरी अडचण आकड्यापेक्षा तो कधी गोळा होतो याची आहे. जून ते सप्टेंबर बेट फुटायला येतं, तर नोव्हेंबरपासून किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं कुलूपबंद असतात. घरभाडी स्थानिकांच्या हाताबाहेर गेली, म्हणून जुलै २०२४ मध्ये पाल्मात हजारो लोक रस्त्यावर उतरले. मला त्यांचं म्हणणं पटतं. डॉक्टर, शिक्षक, वेटर यांनाच घर मिळेना, तर पाहुण्यांचं करणार कोण? २०१६ पासून मुक्कामावर पर्यटन कर आहे, आणि २०२२ पासून पाल्मा बंदरात दिवसाला तीनच क्रूझ जहाजांना जागा मिळते.

जायचंच असेल तर मे किंवा ऑक्टोबर गाठा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाणी अजून पोहण्याजोगं असतं. पोहायचं नसेल तर फेब्रुवारी उत्तम: बदामाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलेली असतात. पाल्माहून १९१२ पासून धावणारी लाकडी डब्यांची छोटी गाडी डोंगरातले बोगदे ओलांडून सोयेर या गावी उतरते, तेव्हा दरीतल्या बागा संत्र्यांनी भरलेल्या दिसतात. हिवाळ्यात ती काही आठवडे बंद असते, तेवढं वेळापत्रक आधी बघून घ्या.