ग्रीन झोनमधला (शेतीसाठी राखलेला) गुंठा स्वस्तात मिळतोय, एजंट म्हणतो 'दोन वर्षांत यलो (निवासी) होईल.' घ्यावा का?

घेऊ नका. हेच वाक्य मी 2006 मध्ये पुण्यातल्या वारज्यात ऐकलंय. शब्दसुद्धा तेच.

बाबा नुकते निवृत्त झाले होते. दादानं टेकडीच्या उतारावरचे दोन गुंठे शोधून आणले, सतरा जणांचा सामायिक सातबारा. मी म्हटलं, आधी झोन दाखला काढू. तर म्हणे, ''सातबारा क्लिअर आहे, तुला सगळीकडे खोटच दिसते.'' अहो, सातबाऱ्यावर मालक दिसतो, पीक दिसतं, झोन कुठे दिसतो? आठवड्यात टोकन गेलं, पाठोपाठ खरेदीखतही झालं. दाखला मी नंतर हट्टानं काढला, तर जमीन बीडीपीत, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात. दादा म्हणाला, ''उठेल. 1997 लाच गाव पालिकेत आलंय, किती दिवस अडवणार?'' 2015 मध्ये सरकारनं आरक्षण कायम केलं आणि मोबदला ठरवला 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. दोन गुंठे म्हणजे 2178 चौरस फूट, त्याचे झाले 174. पेठेतल्या आमच्या जुन्या बिऱ्हाडाचं स्वयंपाकघर आणि मोरी मिळून याहून मोठी होती. तेवढ्यासाठीही त्या सतरा जणांना एकत्र आणायचं, आणि त्यातले तिघे आज हयात नाहीत.

तुमचं म्हणाल, तर ग्रीन झोनमध्ये साधं शेतघर बांधायलाही किमान 0.4 हेक्टर, म्हणजे जवळपास एकर लागतो. एका गुंठ्यावर काय बांधणार, खुराडं? झोन बदलतो, नाही असं नाही. पण त्याला नगररचना कायद्याखाली हरकती-सूचना आणि वर राज्य सरकारची मंजुरी लागते. एजंटच्या ओळखीनं ते होत नाही. झोन दाखला गट नंबर देऊन स्वतः काढा, पालिकेतून किंवा पीएमआरडीएतून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हद्द ज्यांची असेल तिथून. त्यानं दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका.

हां, गट गावठाणापासून 200 मीटरच्या आत असेल तर गणित वेगळं असू शकतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही.

आणि पैसे घरातल्या वडीलधाऱ्यांचे असतील, तर मोठ्या भावाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. मी बसलो. दादा दर दिवाळीला म्हणतो, ''थांब, पुढच्या आराखड्यात उठेल.'' बाबांच्या जागी आता वारस म्हणून आम्हा दोघांची नावं लागली आहेत. शेतसारा मीच भरतो.