आवाज भाच्याचा, पैसे मावशीचे

प्रश्न: नमस्कार ताई, मी मिरजेची, रिटायर्ड शिक्षिका, वय ६८. गेल्या महिन्यात भर दुपारी फोन आला, "मावशेऽ, मी बोलतोय, अ‍ॅक्सिडेंट झालाय, आईला सांगू नकोस, ह्या नंबरवर चाळीस हजार टाक पटकन." आवाज भाच्याचाच, तो 'मावशे' ओढून म्हणतो ना, अगदी तसाच. मी टाकले. संध्याकाळी कळलं तो पुण्यात ऑफिसात होता. मुलगा म्हणतो एआयने आवाज बनवलाय. मग सरकार ह्या एआयवर कायदा का करत नाही? आणि माझे पैसे?

उत्तर: काकू, आधी पैसे. अशा वेळी पहिल्या तासाभरात १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा असतो, कारण पैसे ह्या खात्यातून त्या खात्यात पळत असतात आणि मध्येच कुठेतरी गोठवता आले तर येतात. महिना झालाय, तरी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार कराच आणि बँकेला लेखी द्या. पण खोटी आशा लावत नाही, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने टाकलेत म्हटल्यावर बँक हात वर करायची शक्यता जास्त.

आता कायदा. कायदा नाहीच असं नाहीये. आयटी अ‍ॅक्टच्या ६६-ड कलमात कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पण तो सापडला तर ना! फेब्रुवारी २०२६ पासून नवे नियमही आलेत, एआयने बनवलेल्या फोटो-व्हिडिओ-ऑडिओवर ठळक लेबल हवं, आणि सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आला की ३ तासांत मजकूर काढायचा, आधी ३६ तास होते. चांगलंय, पण हे सगळं मुख्यतः सोशल मीडियासारख्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मसाठी. तुमच्या फोनवर लेबल कोण चिकटवणार? अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात मतदारांना फोन गेले, तर फेब्रुवारीत तिथल्या दूरसंचार आयोगाने एआय आवाजातले असे आपोआप लागणारे कॉल बेकायदा ठरवले आणि पुढे ज्याने ते करवले त्याला ६० लाख डॉलरचा दंड ठोकला. अर्थात तो राजकीय सल्लागार होता, नाव-पत्ता असलेला माणूस. तुमचा चोर तसा नाही.

म्हणून मला वाटतं चोराच्या मागे धावण्याबरोबर आवाज बनवून देणाऱ्या टूललाही धरलं पाहिजे, की बाबा ज्याचा आवाज आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय नक्कल करू द्यायची नाही. आपल्याकडे हे होतं, फक्त मोठ्यांसाठी. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले मुंबई हायकोर्टात गेले आणि त्यांच्या आवाजाची एआय नक्कल कोर्टाने थांबवली. ते कोर्टात जाऊ शकले. तुमच्या भाच्याने तुमच्या वाढदिवसाला रील टाकलं असेल, त्यात 'मावशेऽ' म्हणाला असेल, तेवढं चोराला पुरतं. त्याच्या आवाजासाठी कोण जाणार हायकोर्टात?

तोवर घरगुती उपाय. फोन कट करायचा आणि सेव्ह असलेल्या नंबरवर आपण लावायचा. नाहीतर सरळ विचारायचं, मागच्या वेळी आलास तेव्हा मी काय केलं होतं जेवायला? चोराला थालीपीठ माहीत नसतं.

प्रश्न: इचलकरंजीत आमचे आठ यंत्रमाग आहेत. बँकेने लोन नाकारलं. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून लाल चौकोन दाखवला, म्हणे सिस्टीमने रिजेक्ट केलंय, आमच्या हातात काही नाही. आता?

उत्तर: सिस्टीम म्हणजे काय ग्रामदैवत आहे का, कौल दिला की विषय संपला? रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिस कोडप्रमाणे बँकेने कर्ज नाकारल्याचं मुख्य कारण लेखी कळवायचं असतं. अर्ज द्या, पोच घ्या. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, ती ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा, फेडलेलं जुनं कर्ज थकीत दिसतंय का बघा. चूक असेल तर तक्रार करा, ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

पण मशीनने नेमकं काय बघून लाल केलं हे विचारायचा हक्क? युरोपच्या एआय कायद्यात तो ठेवलाय, माणसाची कर्जाची पत ठरवणारं सॉफ्टवेअर तिथे जास्त जोखमीच्या यादीत आहे. त्यांनी चटके खाल्लेत. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराचा भत्ता घेणाऱ्या हजारो आईबापांना कर खात्याने लबाड ठरवलं, धोका मोजणाऱ्या प्रोग्रामला परकं नागरिकत्व हीसुद्धा संशयाची खूण वाटायची, लोक कर्जात बुडाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात तुमच्याबद्दल निर्णय घेताना वापरलेली माहिती बरोबर हवी, एवढं आहे, तेही मे २०२७ पासून लागू. निर्णयाचं स्पष्टीकरण मागायचा हक्क त्यात नाही. एआयवरच्या नोव्हेंबर २०२५ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांचा सूर तर सध्या वेगळा एआय कायदा नकोच असा आहे. माझं मत, कारण सांगायची आणि माणसाकडे दाद मागायची सोय एवढं तरी आत्ताच सक्तीचं करा, बाकी मोठा कायदा सावकाश लिहा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. एआयवर कडक कायदे केले तर आपले स्टार्टअप बुडतील ना?

उत्तर: कायदा कुठला, त्यावर आहे. मार्च २०२४ मध्ये सरकारने सांगितलं, कच्चं, चाचणी पुरी न झालेलं एआय मॉडेल लोकांसमोर आणायचं तर आधी आमची परवानगी घ्या. ओरड झाली, दोन आठवड्यांत ती अट मागे घेतली, आणि बरं झालं. पण युरोपने २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी कशावर घातलीये बघ, शाळेत पोरांच्या किंवा ऑफिसात कामगारांच्या चेहऱ्यावरून भावना ओळखणं, माणसांच्या वागण्याला गुण देऊन त्यांना वाईट वागणूक देणं. तुझ्या स्टार्टअपमध्ये ह्यातलं काही करणार आहेस का? नसशील तर परीक्षेचा अभ्यास कर आधी.