स्टोरी तुझ्या तंबूत येणार नाही रे

पहिल्यांदाच लार्पला, म्हणजे कॉस्च्यूम घालून, कॅरेक्टर बनून प्रत्यक्ष खेळायच्या खेळाला चाललायस आणि स्टोरी आपोआप येईल म्हणतोस? अरे पहिल्या इव्हेंटला मीपण हेच केलं, भारी कॉस्च्यूम घालून शुक्रवारी रात्रभर शेकोटीशी बसलो, वाटलं कोणीतरी येऊन स्टोरीत ओढेल, कोण येतंय! एम्पायर हा इंग्लंडमधला मोठा लार्प, २०१३ पासून चालूय, वर्षाला ४ इव्हेंट, माणसं हजाराच्या वर, खेळ चालवणारे रेफरी कुठे कुठे पुरणार. आणि तिथे खेळातल्या साम्राज्याचं सेनेट काय, सेना कुठे जाणार ते ठरवणारी मिलिटरी काउन्सिल काय, सगळीकडे प्लेयरच बसलेले असतात, निम्मी स्टोरी त्यांच्या भांडणांतूनच निघते.

म्हणून कॅरेक्टर बनवतानाच त्याला असं काहीतरी हवं असू दे जे एकट्याने मिळणारच नाही. "माझं गाव जळालं, मी कोणाशी बोलत नाही" टाइप गूढ माणूस प्लीज नको, तो कोपऱ्यातच बसतो. त्यापेक्षा कर्जबाजारी हो, नाहीतर निरोप्या. निरोप्या बेस्ट, कुठल्याही कॅम्पमधे घुसायला कारण मिळतं. मी दुसऱ्या वेळी एका जनरलची चिठ्ठी घेऊन गेलो, उत्तर मिळेपर्यंत दाराशी उभा राहिलो आणि कुठली सेना कुठे पाठवायची यावरचं अख्खं भांडण फुकटात ऐकलं, रात्रीपर्यंत तीन वेगवेगळे लोक मलाच शोधत होते.

कळलेलं गुपित पोटात ठेवू नको, निदान दोघांना सांग, त्यातला एक गद्दार निघाला तर अजून मजा. शनिवार-रविवारच्या लढायांत एकदा आपलं कॅरेक्टर सोडून शत्रूचा रोल करत उतरायला लागतं, ते टाळू नको, ओळखी तिथेच होतात.

आणि गमबूट घे, चिखल बेक्कार असतो.